एका बराकीत बहात्तर जण : पनामा कालव्यावरच्या बार्बाडोसच्या मजुरांचं प्रकरण

२ सप्टेंबर १९०९ चा एक फोटो आहे. पनामाच्या अटलांटिक किनाऱ्यावर क्रिस्तोबालच्या धक्क्याला 'आंकोन' नावाची आगबोट लागली आहे आणि तिच्यावर वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेले दीड हजार मजूर दाटीवाटीनं उभे आहेत. कठड्याशी मुंगी शिरायला जागा नाही. फोटो जरा निरखून पाहिला की नजर कपड्यांवर थांबते. डोक्यावर हॅट, अंगात कोट. माती उपसायला आलेली ही माणसं रविवारी चर्चला निघाल्यासारखी दिसतात. घरातला सगळ्यात चांगला जोड अंगावर चढवून माणूस परमुलखात पाय ठेवतो, तसा त्यांनी ठेवला.

पुढे पाचच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९१४ रोजी, पनामा कालव्यातून अधिकृतपणे पहिली बोट पार झाली. तीही हीच 'आंकोन'.

पनामा कालव्याची गोष्ट आपण बहुतेक ठिकाणी इंजिनिअरांची आणि डासांची म्हणून वाचतो. मजूर त्यात एखाद्या वाक्यापुरते येतात : हजारो मेले. कोण मेले, कशानं मेले आणि तेच का मेले, हे त्या वाक्यात नसतं. मला ते शोधायचं होतं. त्यासाठी अमेरिकेनं कालवा खणला त्या दहा वर्षांचा सगळा इतिहास उकलायची गरज नाही, १९०६ हे एक वर्ष नीट पाहिलं तरी पुष्कळ उलगडतं.

त्या वर्षी कालव्यावर सुमारे २६,००० माणसं कामाला होती. त्यांतल्या २१,००० जणांना वर्षभरात कधी ना कधी मलेरियानं इस्पितळात नेलं. पण मृत्यूचे आकडे पाहिले की वेगळंच चित्र दिसतं. गोऱ्या नोकरांत हजारी १७ मृत्यू. वेस्ट इंडीजहून आलेल्या काळ्या मजुरांत हजारी ५९. जागा तीच, पाऊस तोच, डास तेच, इस्पितळ चालवणारं खातंही एकच, आणि मरण साडेतीन पट. आणि या मजुरांचा सगळ्यात मोठा वैरी त्या वर्षी न्यूमोनिया होता.

अधिकाऱ्यांकडे याचं उत्तर तयार होतं. ही माणसं मुळातच नाजूक छातीची, आळशी, स्वच्छतेची समज नसलेली, असं त्या काळी उघडपणे बोललं आणि लिहिलं जाई. हे उत्तर खोटं ठरलं. ते कसं खोटं ठरलं, आणि कोणी ठरवलं, हेच या प्रकरणातलं मुख्य आहे.

निघाले कुठून

बार्बाडोस हे क्षेत्रफळानं मुंबईएवढंही नसलेलं बेट. तिथे तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि सगळी जमीन उसाखाली. १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, नंतरची सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्याच मालकाकडे बांधून राबणं, १८३८ मध्ये संपली, पण जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. सुटलेल्या माणसाला उभं राहायला जागा हवी तर ती मळेवाल्याचीच, आणि ती मिळायची त्याच्याच मळ्यात राबण्याच्या बोलीवर.

याची खूण तिथल्या घरात दिसते. मजुराचं घर लाकडी फळ्यांचं, पाया न खणता नुसत्या दगडांवर ठेवलेलं. मळेवाल्यानं हाकललं की फळ्या सुट्या करायच्या, गाडीवर लादायच्या आणि दुसरीकडे पुन्हा उभ्या करायच्या. घर आपलं, पण खालची जमीन परक्याची. अशा घरात तीन पिढ्या निघाल्या. त्यात युरोपातल्या बीटाच्या साखरेनं उसाच्या साखरेचे भाव पाडले, मळे कर्जात गेले आणि दिवसाची मजुरी वीस-तीस सेंटांच्या आसपास रेंगाळत राहिली.

१९०५ मध्ये अमेरिकेच्या कालवा मंडळाचा विल्यम कार्नर हा माणूस मजूर भरतीसाठी बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाउनला आला. करार साधा होता : ५०० दिवस काम, दिवसाचे दहा तास, तासाला दहा सेंट, जायचं भाडं मंडळाचं आणि मुदत पुरी केली तर परतीचंही. म्हणजे दिवसाला एक डॉलर, मळ्यातल्या मजुरीच्या तिप्पट ते पाचपट. ब्रिजटाउनच्या ट्रफाल्गर चौकात गर्दी आवरायला पोलीस लागत. डॉक्टर एकेकाला तपासत : डोळ्यांत खुपऱ्या आहेत का, छाती साफ आहे का, हृदय नीट चालतं का. पुष्कळ जण नापास होऊन घरी जात. पास झालेल्याला देवीची लस टोचत आणि बोटीवर चढवत, तिथे झोपायचं उघड्या डेकवर.

ही तपासणी लक्षात ठेवावी. नाजूक छातीचे म्हणून ज्यांना पुढे नावं ठेवली गेली, त्यांची छाती मंडळाच्याच डॉक्टरांनी तपासून पास केली होती.

ऊसतोडीची उचल माहीत असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला एक फरक जाणवेल. इथे मुकादमाची उचल नव्हती, डोक्यावर फेडायचं कर्ज नव्हतं. ही वेठबिगारी नव्हती आणि कोणी फसवून नेलंही नाही. माणसं आपणहून रांगेत उभी राहिली. म्हणूनच हे प्रकरण मला जास्त बोचतं. कायद्यानं मोकळा असलेला, लेखी करारावर आलेला, तब्येतीनं धडधाकट माणूस वर्षभरात न्यूमोनियानं का मरतो?

करारावर बार्बाडोसहून दहा वर्षांत जवळजवळ २०,००० पुरुष गेले, त्यांतले साडेसहा हजारांच्या घरात एकट्या १९०६ मध्ये. स्वतःच्या खिशातून भाडं भरून गेलेले पुरुष आणि बायका आणखी कितीतरी. सगळी लोकसंख्या दोन लाखांच्या आत असलेल्या बेटावर त्या काळात तरुण माणूस शोधावा लागे. मार्टिनिक आणि ग्वादलूप या फ्रेंच बेटांवरून साडेसात हजार आले. जमैकाच्या सरकारनं मात्र भरतीला दार उघडलं नाही, कारण त्यांचे हात एकदा पोळले होते. १८८१ मध्ये फ्रेंच कंपनीनं हाच कालवा खणायला घेतला, १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि पनामात अडकलेल्या हजारो जमैकनांना घरी आणायचं काम सरकारच्या गळ्यात पडलं. त्या फ्रेंच पर्वात बावीस हजारांच्या आसपास माणसं दगावली असं मानलं जातं. तरी जमैकन पदरमोड करून येतच राहिले.

दोन पगारपत्रकं

कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पट्ट्यात पगाराची दोन पत्रकं होती, गोल्ड रोल आणि सिल्व्हर रोल. सुरुवात नाण्यावरून झाली. अमेरिकन कुशल नोकराला पगार सोन्यावर आधारलेल्या अमेरिकी डॉलरमध्ये, बाकीच्यांना तिथे चालणाऱ्या चांदीच्या नाण्यांत. पण थोड्याच दिवसांत या शब्दांचा नाण्याशी संबंध उरला नाही. गोल्ड म्हणजे गोरा अमेरिकन, सिल्व्हर म्हणजे बाकीचे, आणि त्यांत बहुतेक सगळे काळे. सुरुवातीला काही काळे कारागीर गोल्ड रोलवर होते, त्यांना हळूहळू खाली सरकवण्यात आलं. १९०८ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हुकमानं गोल्ड रोल अमेरिकन नागरिक आणि पनामावासी यांच्यापुरता ठेवला गेला.

पोस्टात दोन खिडक्या, दुकानात दोन दारं, शाळा दोन, इस्पितळात वॉर्ड वेगळे, दफनाची जागाही वेगळी. कुठेच 'काळ्यांसाठी' अशी पाटी नव्हती, 'सिल्व्हर' एवढाच शब्द होता. भेदाला हिशेबाचं नाव दिलं की तो भेद वाटेनासा होतो, कचेरीची सोय वाटू लागते. या शब्दाची सगळ्यात मोठी लबाडी हीच आहे असं मला वाटतं.

गोल्ड रोलवरच्या नोकराला फुकट घर आणि त्यात फर्निचर, वर्षाला ४२ दिवसांची पगारी रजा, ३० दिवसांची आजारपणाची रजा. सिल्व्हर रोलवरच्याला तासाचे पैसे. जेवढे तास काम तेवढा पगार. पावसात काम थांबलं तर पगार थांबला, ताप आला तर पगार थांबला. प्रत्येकाच्या अंगावर नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे आणि हजेरी, पगार, सगळं त्या नंबरावर चाले.

मधे एक तिसरा वर्गही होता. १९०६ पासून स्पेनहून, मुख्यतः गॅलिसियातून, आठ हजारांवर मजूर आणले गेले. तेही फावड्याचंच काम करत. त्यांना तासाला वीस सेंट. 'गोरा मजूर दुप्पट काम करतो' हे कारण दिलं गेलं. त्यांच्या खानावळीत बसायला बाकं आणि जेवायला टेबलं होती. वेस्ट इंडीजच्या मजुरांच्या खानावळीत ती नव्हती. खिडकीतून जेवण घ्यायचं आणि बाहेर उभ्यानं किंवा झाडाखाली बसून खायचं. पाऊस असला तर पावसात.

बराक

आता त्या वर्षातली एक संध्याकाळ पाहू.

पनामाच्या अटलांटिक बाजूला पाऊस आपल्या कोकणाइतकाच पडतो, पण कोकणात तो चार महिन्यांत आवरतो. इथे एप्रिल-मेमध्ये सुरू झालेला पाऊस डिसेंबरपर्यंत चालतो. मजूर सकाळी कामावर निघाला, दुपारी सर आली, तो चिंब भिजला. ओल्या अंगानं दहा तास भरून बराकीत आला.

मंडळाच्या ठराविक बराकीत ७२ माणसांची सोय होती. आत लोखंडी नळ्यांच्या चौकटीला कॅनव्हास ताणून केलेल्या खाटा, एकावर एक तीन. मधल्या खाटेवरच्या माणसाला उठून बसताही येत नसे. पेटी ठेवायची तर खाटेखाली किंवा डोक्याशी. बहात्तर माणसांचे भिजलेले कपडे वाळत घालायचे कुठे, याचा विचार आराखडा करणाऱ्यानं केलेलाच नव्हता. बहुतेकांकडे कामाचा जोड एकच. तो आतच कुठेतरी लटकवायचा, नाहीतर अंगावरच ठेवून झोपायचं. रात्री गार वारा आणि झड आत येते म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. एक खोकायला लागला की त्याच्या वरचा, खालचा आणि शेजारचे खोकायला लागत.

नुसत्या भिजण्यानं न्यूमोनिया होत नाही. रोगजंतू एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या श्वासात जातो. त्याला हवी असते दाटी, कोंदट हवा आणि थकलेलं, अर्धपोटी शरीर. शिवाय असं शरीर, ज्याची या जंतूशी आधी गाठ पडलेली नाही. बार्बाडोसच्या खेड्यातून आलेला, मोकळ्या हवेत वाढलेला तरुण थेट या बहात्तर जणांच्या खोलीत येऊन पडत होता. आल्यापासूनचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, हे कालव्याच्या डॉक्टरांच्याही ध्यानात आलं होतं. १९०६ मध्ये नवे आलेले सगळ्यात जास्त होते, त्यामुळे बराकीही सगळ्यात भरलेल्या होत्या. मृत्यूचा आकडा कशानं चढला हे समजायला वंशाकडे पाहायची गरजच पडत नाही.

अन्नाचंही तसंच. दिवसाला तीसेक सेंट कापून जेवण मिळे. चवीनं आणि शिजवण्यानं ते बार्बाडोसच्या माणसाला परकं. शिळ्या ढेकळासारखा भात, ओळखीचं कंद नाही, मिरची-मसाला नाही. पुष्कळ जण ते पैसे वाचवून बाहेर थोडंसं काही खाऊन भागवत, कारण घरी पैसे पाठवायचे होते. मग अधिकारी लिहीत की हा मजूर काम कमी करतो. डॉलरातले तीस सेंट जेवणाला, थोडे कपड्यांना, आणि उरलेले पोस्टाच्या मनीऑर्डरनं आईला किंवा बायकोला. हिशेब पोटावर बसत होता.

याच काळात कालव्याच्या आरोग्यखात्यानं वैद्यकातलं फार मोठं यश मिळवलं होतं. डॉ. विल्यम गॉर्गस खात्याचे प्रमुख. डासामुळे मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत दाखवलं होतं, पिवळ्या तापाचं क्यूबात सिद्ध झालं होतं. गॉर्गसनं गटारं काढली, झुडपं तोडली, डबक्यांवर तेल ओतलं, घरांना जाळ्या लावल्या, क्विनीन वाटलं, भिंतीवर बसलेले डास टिपायला माणसं नेमली. १९०५ संपता संपता पनामा शहरातून पिवळा ताप गेला. हे यश खरं आहे आणि त्यानं असंख्य जीव वाचवले, काळेही वाचवले. १९१२ मध्ये नोकरांची संख्या पन्नास हजारांवर गेली तरी मलेरियानं इस्पितळात गेलेले ५,६०० च होते. पाठीवर तेलाची टाकी घेऊन डबकी फवारणारे, गवत कापणारे, गटारं खणणारे हात बहुतेक वेस्ट इंडीजच्याच मजुरांचे होते, हे मात्र सांगायचं राहून जातं.

पण पिवळा ताप गोऱ्या नवख्या माणसाला झटकन उचलत होता. त्या तापाच्या धसक्यानं अमेरिकन कारकून आणि इंजिनिअर बोटी भरून पळाले होते आणि कालवाच बंद पडायची वेळ आली होती. न्यूमोनियानं तसं कोणाचं काम अडत नव्हतं. एक मजूर गेला तर ट्रफाल्गर चौकात रांग होतीच. पिवळ्या तापावर मंडळानं हवा तेवढा खर्च केला. बराकीतल्या खाटा तीनऐवजी दोन करायला, कपडे वाळवायला एक छप्पर घालायला त्याच्या तुलनेत किती पैसे लागले असते?

कुलेब्राची खाच

न्यूमोनियातून वाचला तो मजूर कुलेब्राच्या डोंगरात उतरे. सुमारे चौदा किलोमीटर लांबीचा डोंगर कापून आरपार वाट करायची होती. तळाशी उन्हाळ्यात असह्य गरमी, पावसाळ्यात घोटाभर चिखल आणि वरून दरडी. १९०७ मध्ये कुकराचाची दरड सुटली ती पुढे वर्षानुवर्षं थांबली नाही. आज उपसलेलं उद्या पुन्हा भरलेलं.

स्टीम शॉवेल म्हणजे वाफेवरचं खोदयंत्र चालवणारे, रेल्वेचे ड्रायव्हर, फोरमन हे अमेरिकन. खडकात भोकं पाडणं, डायनामाइटच्या पेट्या डोक्यावरून वाहणं, सुरुंग ठासणं, रूळ उचलून सरकवणं ही कामं सिल्व्हर रोलची. न फुटलेला सुरुंग मातीत राहून जाई आणि दुसऱ्या दिवशी शॉवेलचा दात त्यावर पडे. १२ डिसेंबर १९०८ रोजी बास ओबिस्पो इथे २२ टन डायनामाइट वेळेआधीच उडालं आणि एका क्षणात वीसहून जास्त माणसं गेली. तरी सगळ्यात जास्त अपघात रेल्वेचे होते. त्या अरुंद खाचेत दिवसाला शंभरावर मातीच्या गाड्या धावत, आणि शॉवेल, ड्रिल, इंजिन यांच्या गदारोळात मागून येणारी गाडी ऐकू येत नसे. क्विनीनच्या मोठ्या डोसांनी कान वाजतात, ऐकू कमी येतं, त्याचीही भर. पाय तुटलेल्यांची संख्या इतकी होती की मंडळाला लाकडी पायांसाठी न्यूयॉर्कच्या एका कारखान्याशी कंत्राट करावं लागलं.

अमेरिकन पर्वातले आजारानं आणि अपघातानं झालेले मृत्यू म्हणून ५,६०९ हा आकडा दिला जातो. त्यांतले साधारण ४,५०० वेस्ट इंडीजचे. गोरे अमेरिकन सुमारे ३५०. या आकड्यात येण्यासाठी पगारपत्रकावर नाव किंवा इस्पितळाची नोंद लागे. काम सोडून रानात झोपडी बांधून राहिलेला आणि तिथेच गेलेला माणूस, कपडे धुऊन पोट भरणारी बाई, तिचं तान्हं मूल, यांना त्यात जागा नाही.

बराक सोडली

आता या प्रकरणाला वळण देणारी गोष्ट. ती मजुरांनी घडवली, आणि तीही निवेदन न देता, संप न करता.

त्यांनी बराकीत राहणं सोडलं. हळूहळू, एकेक जण करत. कोणी कोलोन किंवा पनामा शहरातल्या लाकडी चाळीत एक खोली घेतली. या चाळी पाहिल्या तर आपल्याला गिरणगाव आठवेल : दोन मजले, बाहेरून लांब गॅलरी, एका खोलीत एक कुटुंब, संडास आणि नळ सगळ्यांत मिळून. कोणी कालव्याच्या कडेच्या झाडीत डायनामाइटच्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या, पत्र्याचे तुकडे आणि गवत यांची झोपडी उभी केली. फळ्यांचं घर बांधणं त्यांना शिकवायला नको होतं. मग बार्बाडोसहून बायका आल्या, काही लग्न करून, काही एकट्या, स्वतःच्या हिमतीवर. त्या धुणं धूत, भाकरी-मासे विकत, खानावळी चालवत. झोपडीमागे रताळी, केळी लागली.

मंडळाला हे पसंत नव्हतं. बराकीतला मजूर हजेरीला सापडतो, त्याच्याकडून जेवणाचे पैसे कापता येतात, त्याला उठवून कामावर नेता येतं. झोपडीतला मजूर आठवड्यातले चार दिवस काम करून दोन दिवस आपली बाग खणतो. पोलीस भटकेपणाच्या कायद्याखाली माणसं पकडत. तरी लोक बराकीत परत गेले नाहीत, आणि मंडळालाही शेवटी ते चालवून घ्यावं लागलं. काही वर्षांत बहुसंख्य सिल्व्हर कामगार बराकींच्या बाहेर राहत होते.

आणि न्यूमोनियाचे मृत्यू झपाट्यानं उतरले.

याचं श्रेय एकट्या झोपड्यांचं नाही. जुने मजूर टिकून राहिले, नव्यांचं प्रमाण घटलं, ओळखीचं जेवण मिळू लागलं, घरी कोरडा जोड काढून ठेवणारं कोणी असलं, हे सगळं एकत्र आलं. पण स्वतः गॉर्गस यांनी या घसरणीतून जो निष्कर्ष काढला तो महत्त्वाचा आहे. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणवाल्यांनी त्यांना बोलावलं, कारण खाणीच्या वसतिगृहांत काळे मजूर न्यूमोनियानं पटापट मरत होते. पनामाच्या अनुभवावरून गॉर्गस यांनी सांगितलं की माणसांची दाटी मोडा, प्रत्येकाला जास्त जागा द्या, त्यांना कुटुंबासह वेगवेगळ्या झोपड्यांत राहू द्या. वंशाचा, नाजूक छातीचा मुद्दा तिथे उरलाच नाही.

म्हणजे पनामातल्या न्यूमोनियावरचा उपाय प्रयोगशाळेत सापडला नव्हता. बार्बाडोसच्या मजुरानं बराकीकडे पाठ फिरवली, पेट्यांच्या फळ्यांची खोली बांधली, आणि डॉक्टरांनी त्यातून धडा घेतला. वैद्यकाच्या इतिहासात गॉर्गस यांचं नाव आहे, आणि ते असावंच. फळ्या ठोकणाऱ्याचंही असायला हवं.

नंतर

५ डिसेंबर १९१२ रोजी अध्यक्ष टाफ्ट यांनी कालव्याच्या सगळ्या पट्ट्याची जमीन सरकारी कामासाठी लागेल असा हुकूम काढला. चाग्रेस नदी अडवून गातून तलाव भरत होता, जुनी गावं पाण्याखाली जात होती. पण पाण्याच्या रेषेबाहेरच्या वस्त्याही उठवल्या गेल्या. ज्या झोपड्यांनी माणसं जगवली होती त्या पाडण्यात आल्या आणि ती कुटुंबं पनामा आणि कोलोन शहरांतल्या चाळींत जाऊन कोंबली गेली. १९१४ मध्ये काम संपलं. हजारोंना कमी केलं, कोणी बेटावर परतले, कोणी क्यूबात ऊस तोडायला गेले, कोणी मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत. पुष्कळ जण राहिले.

परत गेलेल्यांनी काय केलं, हे सांगायलाच हवं, नाहीतर हे प्रकरण नुसतं दुःखाचं होईल आणि ते खरं होणार नाही. बार्बाडोसमध्ये कर्जात बुडालेले मळे तुकड्यांनी विकायला निघाले होते. पनामाच्या पैशानं लोकांनी ते तुकडे घेतले. दगडांवर ठेवलेलं फळ्यांचं घर तेच राहिलं, पण खालची जमीन आता आपली. जी मंडळी डेकवर एका जोडानिशी उभी होती, त्यांतल्या कित्येकांच्या मुलांना कोणी मळेवाला हाकलू शकला नाही.

पनामात राहिलेल्यांचं मात्र कठीण झालं. फेब्रुवारी १९२० मध्ये सिल्व्हर कामगारांनी मोठा संप केला, बार्बाडोसचे शिक्षक विल्यम स्टाउट त्याचे पुढारी. संप मोडला, स्टाउटना देशाबाहेर जावं लागलं. पनामाच्या १९४१ च्या राज्यघटनेनं स्पॅनिश मातृभाषा नसलेल्या काळ्या स्थलांतरितांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांचं नागरिकत्व काढून घेतलं, ते पाच वर्षांनी परत मिळालं. सिल्व्हर हा शब्द १९४८ मध्ये कागदावरून गेला आणि त्या जागी 'स्थानिक दर' आला. पत्रकं दोनच राहिली.

म्हातारपणाची सोय १९३७ मध्ये अमेरिकेच्या एका कायद्यानं झाली. काम करण्याजोगा न उरलेल्या सिल्व्हर कामगाराला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे महिन्याला एक डॉलर, जास्तीत जास्त पंचवीस. नुसतीच कालव्याच्या खोदाईची दहा वर्षं भरलेल्याला महिना दहा डॉलर.

१९६३ मध्ये पनामातल्या एका इतिहास मंडळानं खोदाईच्या काळातल्या बिगर-अमेरिकन कामगारांकडून खऱ्या आठवणी मागवल्या आणि बक्षीस ठेवलं. शंभराच्या वर पत्रं आली. लिहिणारे सगळे सत्तरी-ऐंशीतले, काहींचा एक पाय गेलेला. तक्रारीचा सूर त्यांत कमी आहे, आपण हे केलं याचा अभिमान पुष्कळ आहे. त्यांनी डायनामाइटविषयी लिहिलंय, मलेरियाविषयी, कडू क्विनीनविषयी, काल होता तो आज नाही अशा सोबत्यांविषयी. आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही त्या पत्रांत पुन्हा येते ती कपड्यांची आठवण : पाऊस, कुठेही आडोसा नाही, संध्याकाळी विस्तवाशी धरलेला शर्ट, आणि सकाळी अंधारात चढवायचा तोच ओलसर शर्ट.